फ्रायबुर्गजवळच्या ह्योलेंटालबानवरचं ५० हर्ट्झ का काढलं, आणि आपल्या २५ केव्हीचा त्याच्याशी काय संबंध

प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे नंतर येणाऱ्यांना संदर्भ लागेल. विचारणारे फ्रायबुर्गला मास्टर्स करतायत, सुट्टीला टिटिझेकडे जाणाऱ्या गाडीने फिरतात, आणि त्यांच्या वाचनात आलं की या डोंगरातल्या लाईनवर, म्हणजे ह्योलेंटालबानवर, १९३६ साली २० केव्ही (किलोव्होल्ट, म्हणजे २०,००० व्होल्ट) ५० हर्ट्झ (सेकंदाला ५० आवर्तनं, आपल्या घरच्या विजेसारखी) वीज घातली होती आणि १९६० ला ती काढून जर्मनीची नेहमीची १५ केव्ही लावली. त्यांचं म्हणणं, चांगलं होतं तर काढलं का, आणि वाईट होतं तर भारताने त्याच जातीचं २५ केव्ही ५० हर्ट्झ का घेतलं? आणि आपली सिस्टीम खरंच या छोट्या लाईनवरून आलीय का?

माझी सगळी नोकरी टीआरडीत (रेल्वेच्या विजेच्या ट्रॅक्शन विभागात) गेली, म्हणजे ओएचई (रुळावरची विजेची वायर) आणि सबस्टेशन, आणि त्यातला बराच काळ मुंबईत १५०० व्होल्ट डीसी काढून २५ केव्ही आणायच्या कामात. मुलगा जर्मनीत असतो त्यामुळे ही लाईन पाहिलीय, खिडकीला नाक लावून पाहिलीय असं म्हटलं तरी चालेल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेत. एक म्हणजे ५० हर्ट्झवर रेल्वे नीट चालते का, आणि दुसरा म्हणजे या एका लाईनवर ते ठेवणं परवडतं का. पहिल्याचं उत्तर ह्योलेंटालबाननेच दिलं आणि ते "हो" असं होतं. दुसऱ्याचं उत्तर १९५० च्या दशकात "नाही" झालं, कारण आजूबाजूचं सगळं बदललं. ही दोन उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध नाहीयेत, फक्त वेगवेगळ्या गोष्टींबद्दल आहेत.

आता लाईनच आधी समजून घ्या, कारण ती निवडली जाण्याचं कारण तिच्या चढात आहे. फ्रायबुर्ग ते नॉयश्टाट हा भाग १८८७ ला सुरू झाला. आखणी रॉबर्ट गेरविग यांची, तेच ज्यांनी ओफेनबुर्गहून झिंगेनकडे जाणारी श्वार्त्सवाल्डबान आखली. तिथे त्यांनी लाईनला मोठमोठी वळणं देऊन लांबी वाढवली आणि चढ सौम्य ठेवला, पण ह्योलेंटाल ही दरी इतकी अरुंद आहे की वळणं घ्यायला जागाच नाही, मग सरळ चढायचं आणि त्यासाठी दात्यांचा रूळ (ज्यात इंजिनाचं दातेरी चाक अडकतं) घालायचा असं ठरलं. गेरविग १८८५ ला गेले, लाईन सुरू झालेली त्यांना बघायला मिळाली नाही. फ्रायबुर्ग साधारण २७० मीटरवर, हिंटरत्सार्टेन ८८५ च्या आसपास, आणि यातला खरा चढ हिर्शश्प्रुंग ते हिंटरत्सार्टेन या सातेक किलोमीटरमध्ये आहे, तिथे चढ जवळजवळ १:१८. आपला भोर घाट १:३७ आहे, आणि त्यालाही आपण मागे बँकर (ढकलणारं जादा इंजिन) लावतो. म्हणजे इथला चढ भोर घाटाच्या दुप्पट, हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

दात्यांच्या रुळावर गाडी फार हळू जाते, आणि वर-खाली दोन्हीकडे वेगळं इंजिन जोडा-सोडा करावं लागतं, त्यामुळे लाईनची कपॅसिटी तिथेच अडते. १९२७ ला रावेना दरीवरचा जुना लोखंडी पूल काढून आजचा नऊ कमानींचा दगडी पूल बांधला आणि १९३३ ला हेन्शेलने बांधलेली ८५ वर्गाची दहा दणकट टँक इंजिनं आल्यावर दाते काढूनच टाकले, नुसत्या चाकाच्या घर्षणावर १:१८ चढायला लागले. वाफेच्या जमान्यात ही फार मोठी गोष्ट आहे, यावर वेगळं लिहिता येईल, पण आत्ता विजेकडे वळतो.

जर्मनीत तेव्हा विजेची रेल्वे १५ केव्ही आणि १६ २/३ हर्ट्झवर चालायची, म्हणजे ५० चा बरोबर तिसरा हिस्सा (आता १६.७ म्हणतात, १९९५ पासून). हे १९१२-१३ च्या सुमाराला प्रशिया, बव्हेरिया आणि बाडेन या राज्यांच्या रेल्वेंनी आपसात ठरवलं होतं. इतका विचित्र आकडा का, तर मोटरमुळे. त्या काळी एसीवर चालणारी एकच मोटर रेल्वेला सोयीची होती, कम्युटेटरवाली सिरीज मोटर (कम्युटेटर म्हणजे फिरणाऱ्या भागावरची तांब्याच्या तुकड्यांची, सेगमेंटची कडी, जिला घासून ब्रश करंट आत देतो). तिच्यात ब्रश ज्या क्षणी दोन सेगमेंट शॉर्ट करतो त्या क्षणी मधल्या कॉइलमध्ये ट्रान्सफॉर्मरसारखं व्होल्टेज तयार होतं, आणि ते फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढतं. ५० ला ते १६ २/३ च्या तिप्पट. गाडी उभी असताना पूर्ण करंट दिला की ब्रशखाली ठिणग्या, कम्युटेटर जळतो, आणि घाटात नेमकं तेच लागतं, उभ्या चढावर उभी गाडी उचलायची. म्हणून फ्रिक्वेन्सी कमी केली आणि मोटर वाचवली.

पण याची किंमत काय? देशाची वीज ५० हर्ट्झ, रेल्वेची १६ २/३, म्हणजे रेल्वेला स्वतःची वीजकेंद्रं, स्वतःच्या ट्रान्समिशन लाईन्स, नाहीतर फ्रिक्वेन्सी बदलणारे फिरते कन्व्हर्टर सेट हवेत. शिवाय कमी फ्रिक्वेन्सीला ट्रान्सफॉर्मरचं लोखंड जास्त लागतं, इंजिन जड होतं. ज्यांच्याकडे हे सगळं आधीच बांधलेलं आहे त्यांना ते जाणवत नाही, उलट फायदाच दिसतो, कारण सगळं रेल्वेचं ग्रिड एका फेजमध्ये असल्यामुळे दर काही किलोमीटरला न्यूट्रल सेक्शन (वायरीचा बिनविजेचा तुकडा) लागत नाही. पण ज्याला शून्यातून सुरू करायचंय त्याच्यासाठी हा खर्च प्रचंड आहे.

म्हणून जर्मन राइशबानने (तेव्हाच्या सरकारी रेल्वेने) विचार केला की जवळच्या ग्रिडमधून सरळ ५० हर्ट्झ घेऊन बघूया, आणि त्यासाठी ह्योलेंटालबान निवडली. माझ्या मते ही निवड अतिशय हुशारीची होती. चढ इतका की इथे जे इंजिन टिकेल ते कुठेही टिकेल. लाईन छोटी, फ्रायबुर्ग-नॉयश्टाट आणि १९२६ ला झालेली टिटिझे-झेब्रुग शाखा मिळून पन्नासेक किलोमीटर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तेव्हा फ्रायबुर्गला दुसरी कुठलीच विजेची मेनलाईन येत नव्हती, त्यामुळे प्रयोग फसला असता तरी बाकी कुणाला धक्का लागला नसता. टेस्ट सेक्शन निवडताना आम्हीही हेच बघतो, त्रास सगळे प्रकारचे मिळाले पाहिजेत पण पसरायला जागा नको.

जून १९३६ ला वीज चालू झाली. इंजिनं चार, ई २४४ वर्गाची, आणि चारही कंपन्यांनी वेगवेगळ्या पद्धतीने केलेली. एईजी आणि ब्राऊन बोव्हेरी यांनी पाऱ्याचे रेक्टिफायर बसवले, म्हणजे वायरमधून ५० हर्ट्झ घ्यायचं, इंजिनातच त्याचं डीसी करायचं आणि साधी डीसी मोटर फिरवायची. सीमेन्सने हट्टाने थेट ५० हर्ट्झवर चालणारी कम्युटेटर मोटर केली. क्रुपने इंडक्शन मोटरचा (ब्रश-कम्युटेटर नसलेल्या मोटरचा) रस्ता धरला. एकाच चढावर, एकाच वायरखाली, एकाच प्रकारच्या गाड्या ओढत चार वेगळी उत्तरं समोरासमोर, असा तुलनेचा प्रयोग रेल्वेच्या इतिहासात फार थोड्या ठिकाणी झालाय. मी तरुणपणी ही माहिती पहिल्यांदा वाचली तेव्हा कितीतरी दिवस त्याच विचारात होतो.

इथे एक दुरुस्ती करतो, कारण बरेच जण ह्योलेंटालबानला ५० हर्ट्झची पहिली लाईन म्हणतात. तसं नाही. हंगेरीत काल्मान कांदो यांनी १६ केव्ही ५० हर्ट्झ आधीच चालवून दाखवलं होतं, बुडापेस्ट-हेग्येशहालोम लाईन १९३४ पर्यंत पूर्ण झाली. पण त्यांचं इंजिन आत फिरणारा मोठा फेज कन्व्हर्टर (एका फेजची अनेक फेज करणारं यंत्र) आणि ठरावीक स्पीड स्टेप्स असलेलं, चालायचं चांगलं, पण अवघड होतं. ह्योलेंटालबानचं वेगळेपण असं की रेक्टिफायर इंजिन रोजच्या कामात, सगळ्यात वाईट चढावर, वर्षानुवर्षं टिकतं हे तिने दाखवलं.

मग युद्ध. १९४५ ला माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने रावेनाचा पूल उडवला, तो नंतर परत बांधला. आणि हा भाग फ्रेंच ताब्यात गेला. इथून गोष्ट खरी वळते. फ्रेंच रेल्वेच्या, एसएनसीएफच्या, इंजिनिअरांना जवळजवळ दहा वर्षांचा अनुभव असलेली ५० हर्ट्झची लाईन आयती अभ्यासायला मिळाली. फ्रान्सकडे तेव्हा १५०० व्होल्ट डीसी होतं आणि उत्तर-पूर्वेला कोळसा-खनिजाच्या जड गाड्यांसाठी काय घालायचं हा विचार चालू होता. एसएनसीएफचे लुई आर्मां यांनी हा विषय लावून धरला. आधी सव्हॉयमध्ये एक्स-ले-बँ ते आनसी आणि पुढे ला रोश-स्युर-फोरों या डोंगरी लाईनवर स्वतःचा प्रयोग केला, सुरुवातीला २० केव्हीवर, नंतर २५ वर नेलं, १९५१ ला आनसीला परिषद भरवून जगभरच्या रेल्वेवाल्यांना दाखवलं, आणि मग वालांसिएन-तिओंविल या जड मालवाहतुकीच्या लाईनवर ५० च्या दशकाच्या मध्याला ते मोठ्या प्रमाणावर घातलं. तिथली बीबी १२००० इंजिनं, तीही पाऱ्याच्या रेक्टिफायरचीच.

भारताकडे येतो. आपल्याकडे १९२५ ला व्हीटी-कुर्ला १५०० व्होल्ट डीसी आलं, पुढे पुण्यापर्यंत आणि इगतपुरीपर्यंत गेलं. कलकत्त्याला हावड्याहून ३००० व्होल्ट डीसी १९५७ ला सुरू झालं, म्हणजे आपणही तोवर डीसीच्याच रस्त्यावर होतो. त्याच १९५७ ला भारतीय रेल्वेने पुढचं सगळं २५ केव्ही ५० हर्ट्झ करायचं ठरवलं, सल्लागार एसएनसीएफ, आणि राज खरस्वान-डोंगोआपोसी हा (आताच्या झारखंडातला) खनिजवाहतुकीचा भाग पहिल्यांदा सुरू झाला, १९६० च्या आसपास. पहिली डब्ल्यूएएम-१ इंजिनं युरोपातल्या ५० सायकल ग्रुपने (कंपन्यांच्या गटाने) दिली, बांधणाऱ्यांत क्रुपही होते, आणि आत परत पाऱ्याचे रेक्टिफायर आणि डीसी मोटरी. म्हणजे १९३६ ला ह्योलेंटालमध्ये एईजी आणि ब्राऊन बोव्हेरीने जो रस्ता धरला तोच. थेट जर्मनीहून भारतात आलं असं मात्र म्हणू नका. ह्योलेंटाल, तिथून सव्हॉय, तिथून फ्रान्सचा उत्तर-पूर्व, आणि मग भारत, अशी साखळी आहे. मधल्या फ्रेंच कामाशिवाय आपल्याकडे ते आलं नसतं, आणि फ्रेंचांना ह्योलेंटालशिवाय इतक्या लवकर विश्वास बसला नसता.

इथपर्यंत एक हिशोब झाला: प्रयोग यशस्वी होता, आणि त्याचा वारसा आज कल्याणपासून कन्याकुमारीपर्यंत वायरीत आहे. आता दुसरा, की मग खुद्द तिथूनच का काढलं.

१९५० च्या दशकात डॉयचे बुंडेसबानने (पश्चिम जर्मनीच्या सरकारी रेल्वेने) ऱ्हाईन खोऱ्यातली मेनलाईन विजेवर आणली, बाझेलकडून फ्रायबुर्ग आणि मग वर कार्ल्सरूहच्या दिशेने, आणि ती अर्थातच १५ केव्हीची. मेनलाईनला दुसरा पर्याय नव्हता, एका बाजूला स्वित्झर्लंड १५ केव्ही, दुसऱ्या बाजूला दक्षिण जर्मनीचं सगळं जाळं १५ केव्ही. म्हणजे जी लाईन १९३६ ला कुणालाच चिकटलेली नव्हती ती आता फ्रायबुर्ग स्टेशनात दुसऱ्या सिस्टीमच्या वायरीला येऊन थांबायला लागली. प्रयोगासाठी जो एकटेपणा फायद्याचा होता तोच रोजच्या वाहतुकीत अडचण झाला.

ही अडचण कशी असते ते मी आतून बघितलंय. मुंबईत कितीतरी वर्षं डीसी आणि एसी शेजारी-शेजारी होतं. इगतपुरीला, विरारला इंजिन बदला, नाहीतर डब्ल्यूसीएएम सारखी दोन्ही व्होल्टेजची इंजिनं ठेवा, म्हणजे एका इंजिनात दोन इंजिनांचं सामान. शेडला दोन प्रकारचे स्पेअर, दोन प्रकारचे प्रशिक्षित लोक. जिथे दोन सिस्टीम भेटतात तिथे सेक्शन इन्सुलेशन, अर्थिंग, सिग्नलच्या ट्रॅक सर्किटचे (रुळावर गाडी आहे का ते ओळखणाऱ्या सर्किटचे) प्रकार, सगळंच वेगळं. आम्हाला निदान एवढं समाधान होतं की छोटी सिस्टीम मोठ्या सिस्टीममध्ये जातेय. ह्योलेंटालबानवर तर मुळात चार-पाच विजेची इंजिनं, तीही प्रत्येक वेगळ्या जातीची प्रयोगाची मशिनं, वीस वर्षं वापरून थकलेली. वाफेची ८५ वर्गाची इंजिनं शेवटपर्यंत सोबत ठेवावी लागली. १९५७-५८ ला तिथला निर्णय माझ्यासमोर आला असता तर मीही हेच केलं असतं: या पन्नास किलोमीटरसाठी नवीन ५० हर्ट्झ इंजिनं मागवायची, की वायर १५ केव्हीला जोडून मेनलाईनची स्टँडर्ड इंजिनं सरळ वर चढवायची. कागदावर आकडे मांडायचीही गरज पडत नाही.

आणि एक तांत्रिक सोय पण होती जी लक्षात येत नाही. २० केव्हीसाठी उभारलेली ओएचई १५ केव्हीला इन्सुलेशनच्या बाजूने आरामात चालते, क्लिअरन्सचा (वायर आणि आजूबाजूच्या वस्तूंमधल्या अंतराचा) प्रश्नच येत नाही. आम्हाला उलटं करायचं होतं, १५०० व्होल्टवरून २५,०००, प्रत्येक इन्सुलेटर बदला, प्रत्येक जुन्या रोड ओव्हर ब्रिजखाली वायर आणि पुलाच्या पोटातलं अंतर मोजा, पुरत नसेल तर रूळ खाली घ्या. त्यात वर्षं गेली, मध्य रेल्वेची मेनलाईन लोकल २०१५ ला पूर्ण एसीवर आली, हार्बर २०१६ ला. ह्योलेंटालबानचा बदल २० मे १९६० ला झाला. नंतर तिथे ई ४० या विजेच्या इंजिनाची खास आवृत्ती आली, इलेक्ट्रिक ब्रेकवाली, कारण १:१८ उतरताना नुसत्या ब्रेक ब्लॉकवर विसंबणं धोक्याचं आहे. घाटात काम केलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला लागणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग भारताने मेनलाईनचा विचार करून डीसीच का नाही वाढवलं, मुंबईत तर होतंच. हे परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि १९५७ ची परिस्थिती वेगळी होती. मुंबई-पुणे-इगतपुरी हा देशाच्या मानाने छोटा तुकडा, बाकी हजारो किलोमीटर कोरी पाटी. डीसीत तेवढीच पॉवर द्यायला २५ केव्हीच्या सोळा-सतरापट करंट लागतो, म्हणून जाड तांबं आणि दर काही किलोमीटरला सबस्टेशन. २५ केव्हीला साधारण ५० किलोमीटरवर एक पुरतं. तांबं तेव्हा परकीय चलनात यायचं. आणि १६ २/३ घेतलं असतं तर देशभर वेगळं रेल्वे ग्रिड बांधावं लागलं असतं. ५० हर्ट्झची एक खरी अडचण आहे, ग्रिडच्या तीन फेजपैकी रेल्वे एकाच फेजमधून खेचते, म्हणजे तिघांनी उचलायचं ओझं एकाच्या खांद्यावर, आणि ग्रिड कमजोर असेल तर बाकीच्या गिऱ्हाइकांना त्रास होतो. म्हणून आपण प्रत्येक सबस्टेशनला फेज बदलत जातो आणि मध्ये न्यूट्रल सेक्शन घालतो, मोटरमनला तिथे दरवेळी पॉवर बंद करून जावं लागतं. हा त्रास आपण जाणूनबुजून पत्करला, आणि माझ्या मते बरोबर पत्करला.

तुमचा शेवटचा मुद्दा, आज जर्मनीत ५० हर्ट्झ कुठेच नाही का? आहे. हार्त्स पर्वतातली र्यूबेलांडबान, ब्लांकेनबुर्गहून वर चुनखडीच्या खाणींकडे जाणारी. पूर्व जर्मनीने १९६० च्या दशकाच्या मध्याला तिथे २५ केव्ही ५० हर्ट्झ घातलं आणि हेनिग्सडोर्फच्या कारखान्यात त्यासाठी २५१ वर्गाची पंधरा इंजिनं बांधली. ती लाईन अजूनही ५० हर्ट्झवरच चालते, मालगाड्यांसाठी. चढ तिथेही ह्योलेंटालसारखाच. मग ती का टिकली, तर ब्लांकेनबुर्गला येणाऱ्या लाईनवर वीजच नाही, त्यामुळे तिला जुळवून घ्यायला शेजारी कुणी नाही. ही दोन उदाहरणं शेजारी ठेवली की १९६० चा निर्णय आपोआप समजतो.

बाकी आजच्या इंजिनांना हा प्रश्न फारसा उरलेला नाही. आत ट्रान्सफॉर्मर, मग डीसी लिंक (मधे डीसी करणारा टप्पा), मग तीन फेजची मोटर, बाहेर १६.७ आहे की ५० हे बरंचसं कंट्रोलचं काम. म्हणून डेन्मार्कचं २५ केव्ही आणि जर्मनीचं १५ केव्ही यात एकच इंजिन सरळ जातं. पण फ्रायबुर्गच्या बाजूला कुणी परत ५० करेल का म्हणाल तर नाही, प्रश्न आता इंजिनाचा नाही, सबस्टेशन आणि ग्रिडचा आहे, आणि तिथे सगळं १६.७ चं बांधलेलं आहे. नॉयश्टाट ते डोनाउएशिंगेन हा पुढचा भाग (१९०१ चा) इतकी वर्षं डिझेलवर होता, तो २०१९ ला विजेवर आणला तेव्हा अर्थातच १५ केव्ही घातलं, म्हणूनच आता फ्रायबुर्गहून व्हिलिंगेनपर्यंत थेट एस-बान जाते.

पुढच्या वेळी त्याच थेट गाडीने नॉयश्टाटच्या पुढे जा. हिर्शश्प्रुंग सोडल्यावर गाडीच्या मोटरचा आवाज ऐका, रावेनाचा पूल सुद्धा चढावरच बांधलाय हे खिडकीतून झाडांच्या रेषेवरून कळतं. आणि नॉयश्टाटच्या अलीकडचे आणि पलीकडचे मास्ट, ब्रॅकेट, इन्सुलेटर यांचे फोटो काढा, जमल्यास एका बाजूने जवळून. इथे टाकलेत तर कुठला भाग कशासाठी आहे आणि साधारण कुठल्या काळातला वाटतो ते मी एकेक करून सांगतो.